आठ ठिपके

पेरिना तेताने मला तीनदा दारातून परत पाठवलं. इथे आईच्या वयाच्या बाईला तेता म्हणायचं, मग ती तुम्हाला हाकलून का देईना. पहिल्यांदा म्हणाली, ऑलिव्ह काढायला माणसं आलीत, घरात पाय ठेवायला जागा नाही. दुसऱ्यांदा तिला कुणाच्या तरी मातीला जायचं होतं. तिसऱ्यांदा तर कारणही दिलं नाही. खिडकीची हिरवी फळी अर्धी उघडली, माझ्या हातातली पेटी पाहिली, "आज नको," म्हणाली आणि फळी लावून घेतली.

मी टेलिफोनच्या तारांवर काम करतो. सव्वीस वर्षं झाली. मी तापट आहे असं माझी बायको म्हणते, आणि बेटावरचे बाकीचे लोकही तेच म्हणतात, म्हणजे असणारच. पण तीनदा तोंडावर फळी लावल्यावर कुणाचंही डोकं फिरेल. सुहा वाला नावाच्या ह्या गावात एकेचाळीस जोडण्या. त्यातल्या चाळीस मी चार दिवसांत, उत्तरेचा वारा कानात घेत, नव्या पद्धतीवर आणल्या होत्या. उरली होती एक. शुक्रवारी दुपारी दोन वाजता बंदरावरच्या एक्स्चेंजमधलं जुनं यंत्र कायमचं बंद होणार होतं. दोननंतर जी जोडणी जुन्या पद्धतीवर राहील तिचं इंटरनेट जाणार, आणि फोनही जाणार, कारण फोनही आता त्याच डब्यातून चालतो. ही बाई सत्तरीच्या पुढची, घरात एकटी, मुलगी लांब रिएका शहरात. तिचा फोन मेला तर बोलणी कुणाला बसणार? मलाच.

म्हणून शुक्रवारी सकाळी साडेअकराला मी तिच्या पायरीवर जाऊन बसलो. हाकसुद्धा मारली नाही. दहा मिनिटांनी फळी उघडली.

"येर्को, तिथे बसून काय करतोयस?"

"दोन वाजायची वाट बघतोय. दोन वाजले की तुमचा फोन बंद पडेल, मग मी घरी जाईन."

"थंडीने मरशील."

"मरू द्या. मुलीला कळवायला फोनही नसेल तुमच्याकडे, तेव्हा शांतपणे मरेन."

आतून काहीतरी पुटपुटणं ऐकू आलं. ते मी इथे सांगत नाही. मग दार उघडलं.

स्वयंपाकघर उबदार होतं. टेबलावर शब्दकोड्यांच्या वह्यांचा ढीग, त्यावर चष्मा, चष्म्याशेजारी खोडरबराची पेन्सिल. भिंतीवर तिच्या नवऱ्याचा, लोव्रेचा, फोटो. हातात मासा, तोंड हसरं. दोन वर्षांपूर्वी तो होडीतच गेला, जाळं ओढता ओढता. फोटोखालच्या फडताळात आमच्या कंपनीचा डबा, दिवे लुकलुकत असलेला. शेजारी लोव्रेचा जुना कॉम्प्युटर, त्यावर विणलेला रुमाल.

मी डब्याकडे हात नेला तशी ती मध्ये आली. म्हणजे अक्षरशः मध्ये, मी आणि फडताळ यांच्यात.

"आधी मला सांग, तू नक्की काय करणार आहेस. नीट सांग. मी अडाणी नाही."

मला चाळीस घरांत कुणी हे विचारलं नव्हतं. चाळीस घरांत एवढंच विचारलं, की आता जोरात चालेल ना. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. मी पेटी खाली ठेवली.

"आजवर काय व्हायचं, तर हा डबा चालू झाला की एक्स्चेंजला हाक मारायचा. तिथलं यंत्र विचारायचं, कोण आहे? डबा तुमच्या खात्याचं नाव सांगायचा आणि परवलीचा शब्द सांगायचा. शब्द जुळला की तारेतल्या तारेत एक बोगदा उघडायचा, आणि तुमचं सगळं येणं-जाणं त्या बोगद्यातून. प्रत्येक पाकिटावर वरून आणखी एक पाकीट चढवायचं, पलीकडे ते फाडून टाकायचं. उगाच उद्योग. आता तसं नाही. हा डबा घरातल्या कॉम्प्युटरशी ज्या साध्या भाषेत बोलतो, इथरनेट म्हणतात तिला, त्याच भाषेत पाकीट बांधून सरळ तांब्याच्या तारेवर ठेवून देणार. एक्स्चेंजमधलं यंत्र ते उघडणार, आतला पत्ता वाचणार आणि पुढच्या रस्त्याला लावणार. उत्तर आलं की तसंच तुमच्या घराकडे वळवणार. राउटेड इथरनेट म्हणतात. झालं."

"आणि नाव कोण विचारणार?"

"कुणीच नाही."

"शब्द?"

"तोही नाही. गरजच नाही."

"मग त्यांना कळणार कसं, की ही मीच?"

"तारेवरून. ह्या घराची तारांची जोडी एक्स्चेंजमध्ये एका ठरलेल्या खणात जाते. त्या खणातून जे येईल ते तुमचं. डबा फक्त विचारतो, माझा पत्ता काय? यंत्र खण बघतं आणि पत्ता देतं. तुमच्या पोस्टमनला तुम्ही नाव सांगता का रोज?"

तिने थोडा विचार केला. शब्दकोडं सोडवणाऱ्या माणसाचा विचार, डोळे बारीक करून.

"आणि तू कोपऱ्यावरच्या पेटीत तारा चुकवल्यास तर? माझी जोडी दोमेनिकाच्या जागी लावलीस तर?"

"तर एक्स्चेंजच्या लेखी तुम्ही दोमेनिका," मी हसून म्हणालो.

ती हसली नाही. पाठ फिरवली आणि कॉफीचं भांडं चुलीवर ठेवलं, ते असं आपटून की झाकण उडालं. मी विचार केला, येर्को, तुझं तोंड तुला एक दिवस खड्ड्यात घालणार.

दोमेनिका म्हणजे भिंतीपलीकडची शेजारीण. ह्या दोघी तीस वर्षं रोज सकाळी एकत्र कॉफी प्यायच्या, एक दिवस इकडे, एक दिवस तिकडे. गावात येणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं, की दहा वाजता ह्यांच्या दारावरून जायचं नाही, गेलात तर तुमच्या सात पिढ्यांचा हिशेब निघतो. हल्ली ते दिसत नव्हतं. मला वाटलं होतं, नवरा गेल्यावर बाई घरात बसली, होतं असं.

"बस," ती म्हणाली. कॉफी पुढे ठेवली. मग रुमाल काढून कॉम्प्युटर चालू केला, डब्याचं पान उघडलं. सराईतपणे. मी थक्क झालो.

"वारा सुटला की लाईन पडते," ती म्हणाली. "पहिल्यांदा पडली तेव्हा तुमच्या ऑफिसातल्या मुलीने फोनवर शिकवलं. हे पान उघडा, इथे दाबा. तोवर हे सगळं लोव्रे बघायचा. मी कधी हात लावला नाही. तेव्हा पहिल्यांदा दिसलं हे."

तिने पडद्यावर बोट ठेवलं. खात्याचं नाव, करारावर असतं तसं. त्याखाली परवलीचा शब्द. शब्द कसला, ठिपके. एकापुढे एक आठ काळे ठिपके.

"हा शब्द त्याने ठेवला होता. मी विचारलं होतं एकदा, काय ठेवलंयस रे? तर म्हणाला, जिच्यावाचून माझं पान हलत नाही तिचं नाव. आणि हसत सुटला. मी म्हटलं, पेरिना ठेवलंस होय मेल्या. तर आणखी हसला. नाही म्हणाला. पेरिना नाही, पण ओळख."

"मग?"

"मग काय. मासे साफ करायचे होते. राहिलं ते. मला वाटलं, विचारीन कधीतरी." तिने कप फिरवला. "हे ठिपके मी मोजलेत, येर्को. पेरिनाची अक्षरं सहा. मोज तू, प, ए, र, इ, न, आ. सहा. हे आठ आहेत."

आमच्या लिपीत स्वराचंही वेगळं अक्षर असतं. आता मला कळायला लागलं. मी भिंतीकडे पाहिलं, भिंतीपलीकडे जी बाई राहते तिच्या दिशेने.

"द, ओ, म, ए, न, इ, क, आ," पेरिना तेता एकेक बोट मिटत म्हणाली. "आठ."

लग्नाआधी लोव्रे एक उन्हाळाभर दोमेनिकाबरोबर नाचला होता. हे बेटावर लहान पोरांनाही माहीत. पन्नास वर्षांपूर्वीची गोष्ट. लग्नात, बारशात, कुणी दोन पेले जास्त घेतले की त्यावरून विनोद व्हायचे, आणि सगळ्यांत मोठ्याने हसायच्या त्या ह्याच दोघी.

"तेता, दोन वर्षं तुम्ही तिच्याकडे जात नाही ते ह्या ठिपक्यांवरून?"

"मी तिला काही बोलले नाही. गुडघा दुखतो म्हणाले. रोज गुडघा दुखतो म्हणाले, मग ती यायची थांबली." तिचा आवाज चिरकला आणि तिने तो लगेच रागाचा करून टाकला. "सत्तेचाळीस वर्षं मी त्या माणसाचे मोजे रफू केले. मला कळायला नको, मी कुणाच्या घरात राहत होते? आणि तू येतोस आणि म्हणतोस शब्दाची गरज नाही. पुसून टाकतो. तू पुसलास की संपलं. मग मी मरेपर्यंत आठ मोजत बसेन."

मी असल्या गोष्टींत शहाणा नाही. तार तुटली तर जोडतो. पण ह्या बाईने मला तीनदा का हाकललं ते आता समजलं, आणि माझ्या डोक्यातला राग कुठे गेला कोण जाणे.

"दाखव ना मला," ती म्हणाली. "ठिपक्यांच्या मागे काय लिहिलंय ते. तू यंत्रवाला आहेस."

"नाही दिसत, तेता. खरंच नाही. हा डबा दाखवत नाही, आणि एक्स्चेंजमध्येही शब्द जसाच्या तसा ठेवत नाहीत, दळून ठेवतात. तेल निघाल्यावर तेलातून ऑलिव्ह परत निघतं का? तसं. तुम्ही शब्द दिला तर ते दळून बघतात आणि एवढंच सांगतात, की हो, हाच, किंवा नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली.

"म्हणजे मी विचारलं तर ते सांगतील. हो का नाही."

मूर्ख मी. माझ्या डोक्यात हे यायला हवं होतं, आणि आलं तिच्या डोक्यात.

"सांगतील," मी म्हणालो. "दोन वाजेपर्यंत. पण तीनदा चुकलं तर खातं दोन तास कुलूपबंद होतं. आत्ता बारा चाळीस. म्हणजे तुमच्याकडे तीन हाका आहेत, बस."

मी भिंतीतून तार काढली आणि माझ्या चाचणीच्या यंत्राला लावली. तळहाताहून थोडं मोठं, खाली बटणं, वर छोटा पडदा, अक्षरं उघडी दिसणारी. तार धरली, खरखर कमी झाली, तांब्यावर पलीकडचं यंत्र सापडलं. आठ आणि पस्तीस हे जोडणीचे दोन आकडे घातले, खात्याचं नाव घातलं. खालची ओळ रिकामी.

"घाला," मी म्हणालो.

तिने ढिगाखालून एक वही काढली. शेवटच्या पानावर आठ अक्षरी शब्दांची यादी. दोन वर्षांची. संत, मासे, वारे, गावं, खोडलेली, पुन्हा लिहिलेली. वर सगळ्यांत पहिलं, जाड पेन्सिलीत, दोमेनिका. ते तिने बोटाने झाकलं.

"आधी होडी. लान्तेर्ना. आठ आहेत. होडीवाचूनही त्याचं पान हलत नव्हतं."

तिने चष्मा लावून एकेक बटण दाबलं. मी हाक पाठवली. यंत्र थोडा वेळ गप्प राहिलं. मग पडद्यावर आलं, नाकारलं.

तिने मान हलवली, जणू तिला हे माहीतच होतं. मग यंत्र माझ्यापुढे सरकवलं.

"आता ते. तू घाल. माझं बोट जाणार नाही."

मी घातलं. द, ओ, म, ए, न, इ, क, आ. सव्वीस वर्षांत मी हजारो वेळा ते बटण दाबलं असेल, आणि कधी देवाचं नाव घेतलं नाही. ह्या वेळी घेतलं, की हे नसू दे. ती खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

"नाकारलं," मी म्हणालो. "तेता, नाकारलं. दोमेनिका नाही."

तिने एक श्वास सोडला, एवढा लांब की मला वाटलं पडेल. खुर्ची ओढून बसली. रुमालाने डोळे पुसले, नाक पुसलं. मग रुमाल खाली आला आणि चेहरा परत तोच.

"मग कोण? आणखी कोण होती? आठ अक्षरांची?"

"अहो, आधी जरा आनंद तरी करा."

"आनंद कसला करू. निदान ती माहितीतली होती."

मी हसलो. हसायची वेळ नव्हती, पण हसलो, आणि तीही ओढून ताणून थोडी हसली. एक हाक उरली होती.

"तेता, बाईचं नावच कशावरून? तो नाव म्हणाला, पण पेरिना नाही म्हणाला. तो तुम्हाला घरात काय म्हणायचा? पेरिनाच म्हणायचा?"

"छे. पेरिना फक्त पाद्रीसमोर." ती जरा लाजली. ह्या वयात, त्या चेहऱ्यावर, मी शपथेवर सांगतो. "घरात न्योर्गालो म्हणायचा."

न्योर्गालो म्हणजे सदा कुरकुर करणारा प्राणी. दुसऱ्या कुणी म्हटलं तर कानाखाली बसेल असा शब्द.

"सकाळी उठल्या उठल्या. न्योर्गालो, कॉफी झाली का? न्योर्गालो, माझा चष्मा कुठे? मुलीच्या लग्नात सगळ्यांसमोर म्हणाला, मी दोन दिवस बोलले नाही. तर म्हणे, दोन दिवस घर अगदी सुनं वाटलं, ओरड ना काहीतरी."

"मग तेच का नाही घातलं?"

"अरे, मी काय वेडी आहे? पहिल्याच दिवशी मोजलं. सात आहेत. हे बघ." तिने वहीच्या कडेला कोड्यासारखे चौकोन काढले आणि भरले. न्य, ओ, र, ग, आ, ल, ओ. "सात चौकोन. बसत नाही."

मी त्या चौकोनांकडे बघितलं. पहिल्या चौकोनात न्य होतं. अर्थातच एकाच चौकोनात. शाळेत आम्हाला हेच शिकवतात, न्य हे एक अक्षर, ल्य हे एक अक्षर. शब्दकोड्यात त्यांना एकच घर मिळतं, आणि ही बाई पन्नास वर्षं शब्दकोडी सोडवत होती.

"तेता," मी हळूच म्हणालो, "हे बटणांवर लिहून दाखवा. फक्त पहिलं अक्षर."

तिने बोट उचललं. न चं बटण दाबलं. मग न्य पूर्ण करायला य चं बटण शोधायला लागली, आणि तिचं बोट हवेतच थांबलं.

कोड्यातलं एक घर, बटणांवरची दोन. ठिपका बटणामागे एक पडतो, अक्षरामागे नाही.

मग तिने य दाबलं. ओ. र. ग. आ. ल. ओ. प्रत्येक बटण दाबल्यावर पडद्यावर बघत होती, आलं का. ओळीत आठ अक्षरं उभी राहिली.

"मी पाठवू?" मी विचारलं.

"माझं बोट जाईल," ती म्हणाली आणि स्वतःच दाबलं.

यंत्र नेहमीसारखं थोडा वेळ गप्प राहिलं. मग हिरवा दिवा लागला आणि पडद्यावर आलं, स्वीकारलं. बोगदा उघडला. एक वाजून चार मिनिटं झाली होती.

ती रडली. उगाच आडून सांगत नाही, हुंदके देऊन रडली, टेबलावर डोकं ठेवून, शब्दकोड्यांच्या वह्यांवर. "गाढव," म्हणत होती मध्ये मध्ये, "गाढव माणूस, असला शब्द घालतात का कुठे." मी तिच्या पाठीवर हात ठेवला. दुसरं काय करणार? माझेही डोळे भरले होते, आणि मला त्याची लाज वाटत नाही.

"राहू दे थोडा वेळ," ती नंतर म्हणाली, हिरव्या दिव्याकडे बघत. "बंद होईल तेव्हा होईल. तुला घाई आहे का?"

घाई होती. जेवायचं होतं, बोट पकडायची होती. नाही म्हणालो. तिने भाकर, खारवलेले मासे आणि कांदा पुढे केला, वर तेल ओतलं. आम्ही जेवलो. ती मला लोव्रेच्या गोष्टी सांगत होती, आणि प्रत्येक गोष्टीत त्याच्याबद्दल तक्रारी. तो जाळी घरात वाळवायचा, चष्म्यावर बसायचा, मिठाचा डबा कधी जागेवर ठेवायचा नाही. मला कळत होतं लोव्रेने तो शब्द का ठेवला असेल. दोन वाजता दिवा आपोआप विझला. आवाजसुद्धा झाला नाही.

"गेलं?" तिने विचारलं.

"यंत्र गेलं."

तिने मान हलवली. "कर तुझं काम."

मी तिच्या डब्याला तार परत लावली, जुनी मांडणी पुसली, नवी घातली. नावाची ओळ नाही, शब्दाची ओळ नाही. डब्याने पत्ता मागितला, एक्स्चेंजने खण बघून दिला. चार सेकंद लागली. ती शेजारी उभी राहून बघत होती. "एवढंच?" म्हणाली. एवढंच, मी म्हणालो. फोन उचलून ऐकवला, वाजतो म्हणून. मी वळून कागद काढतो तोवर बाई दारातून बाहेर पडली होती. डोक्याला रुमाल नाही, अंगात कोट नाही, आणि त्या वाऱ्यात तरातरा दोमेनिकाच्या फाटकाकडे निघाली होती.

"तेता, सही राहिली," मी ओरडलो आणि कागद घेऊन मागे पळालो.

दोमेनिका अंगणात भिंतीच्या आडोशाला बसून भाजी निवडत होती. गोल, लालबुंद बाई, गळ्यात पिवळा रुमाल. पेरिना तेता तिच्यापुढे जाऊन उभी राहिली. धाप लागलेली.

"गुडघा बरा झाला वाटतं," दोमेनिका म्हणाली.

"माझा गुडघा कधी दुखतच नव्हता."

"मला माहीत आहे. मी भिंतीवरून बघायचे, ऑलिव्हच्या शिडीवर चढताना."

"मला वाटलं, तो डब्यातला शब्द तू आहेस." एका दमात म्हणाली, लाज न ठेवता. "लोव्रेचा शब्द. ठिपके मोजले, तुझी अक्षरं बसत होती. दोन वर्षं मला तसं वाटलं. आज कळलं, ते नाही. ते न्योर्गालो होतं. मला माफ कर."

दोमेनिकाच्या हातातली जुडी तशीच राहिली.

"हे तुला आज कळलं?"

"आत्ता. येर्कोने यंत्र लावलं, तीन हाका होत्या."

"अगं बये," दोमेनिका म्हणाली, अगदी हळू. "तो शब्द मीच तर घातला."

वारा मध्येच पडला की काय, मला तिचा प्रत्येक शब्द ऐकू आला. ती सांगत होती. इंटरनेट आलं तेव्हा तू रिएकाला, मुलीच्या बाळंतपणाला. डबा लावून माणूस गेला, आणि लोव्रे चष्म्यावर बसलेला, काच फुटलेली, त्याला बटणं दिसेनात. भिंतीवरून मला हाक मारली. मी हात पुसत आले. म्हटलं, काय लिहू? तर म्हणाला, न्योर्गालो. मी म्हटलं, लाज नाही वाटत, बायको पाहील. तर म्हणाला, पाहू दे, तीन आठवडे झाले घरात कुणी ओरडलं नाही, मला झोप लागत नाही, निदान ह्या डब्यात तरी ती असू दे. आणि मला सांगितलं, तिला सांगू नकोस, तिला ओळखू दे.

"मी म्हटलं ओळखलं असेल तू केव्हाच," दोमेनिका म्हणाली. "एवढी कोडी सोडवतेस. तू नुसतं विचारलं असतंस तर त्याच दिवशी सांगितलं असतं, पेरिना. मी इथेच होते."

पेरिना तेता पायरीवर बसली, दोमेनिकाच्या शेजारी, भाजीच्या देठांवर. मी सहीचा कागद घडी करून खिशात घातला. सही मीच केली असती तरी चाललं असतं.

"कसं म्हणाला?" तिने शेवटी विचारलं. "त्या दिवशी. म्हणून दाखव."

"म्हणाला, न्योर्गालो."

"असं नाही. तो म्हणाला तसं म्हण."

दोमेनिकाने घसा साफ केला, हनुवटी छातीला लावली आणि जाड, घोगरा आवाज काढला. "न्योर्गालो."

पेरिना तेता डोळे मिटून ऐकत होती.

"नाही," ती म्हणाली. "शेवटचा ओ तो लांबवायचा. पुन्हा म्हण."